चष्मेवाल्याच्या यंत्रातला शंख

गल्लीत एके काळी अशी कुजबुज होती, की चष्मेवाल्याने घरीच एक यंत्र बनवून स्वतःच्या बायकोच्या दहाही बोटांचे ठसे काढून घेतले आणि चष्म्याच्या डबीत कापसात गुंडाळून ठेवले. का, तर ती कधी रुसून माहेरी गेली, तर तिला कुठल्या कागदावर अंगठाही उठवता येऊ नये. ही बातमी शिंपीणकाकूंच्या दुकानातून निघाली होती, आणि तिथून निघालेली बातमी काजं-बटणं लावूनच बाहेर पडायची.

माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुकान एवढंसं, की आरशासमोर गिऱ्हाईक बसलं की मालकाने दारात उभं राहायचं. धंद्यात त्याची एकच खोड होती. कुठलाही चष्मा आधी स्वतःच्या नाकावर चढवून ‘हा बघा, असा बसतो’ म्हणून दाखवायचा आणि मग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. त्याच्या त्या भल्यामोठ्या नाकावर कुठलीच फ्रेम धड बसत नसे, त्यामुळे गिऱ्हाईक चष्मा लावण्याआधीच निम्मं घाबरलेलं असे. पण खोड काही गेली नाही.

बायको धुलाईच्या कारखान्यात होती. लग्नाच्या आधीपासून. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे यायच्या, गरम पाण्यात सोडा आणि डाग काढायचं औषध टाकून धुतल्या जायच्या. हातमोजे मिळायचे, पण ओली चादर मोज्यातून निसटते, म्हणून सगळ्याजणी ते खिशात ठेवून उघड्या हातानेच काम उरकत. घरात ही बाई मोजकं बोलणारी. कारखान्यात मात्र पिळण्याच्या टेबलाशी उभी राहिली की तिच्या जिभेला पंख फुटत. कुठल्या हॉटेलातली चादर किती मळकी, यावरून ती पाहुण्यांचे संसार रचून सांगायची आणि बाकीच्या हसून हसून चादर सोडून द्यायच्या. तिचं खरं घर ते टेबल होतं, असं म्हटलं तरी चालेल. नवऱ्याला हे ठाऊक होतं, आणि त्याला त्याचा राग नव्हता.

मग कारखान्याच्या फाटकावर बोट लावायचं यंत्र आलं. बाकीच्यांनी बोट ठेवलं की ते चिमणीसारखं चिवचिवे. हिने ठेवलं की गप्प. उजवा अंगठा, डावा, तर्जनी, करंगळी, सगळी बोटं दाखवून झाली. थोडे दिवस मुकादमाने तिची हजेरी हाताने लिहिली. मग वरून हुकूम आला, की यंत्रात नाही तो कारखान्यात नाही, महिनाअखेरपर्यंत बघा. मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याचाही नाइलाज होता.

“मावशी, मला तुम्ही दिसताय हो,” तो म्हणाला. “पण मला दिसून काय उपयोग? त्याला दिसायला हव्यात.”

त्या दिवशी ती घरी येऊन दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून बसली, जणू कुणाचे तरी सांभाळायला घेतलेत. चष्मेवाल्याने भिंग लावून तिची बोटं पाहिली. गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखी. तरी त्याला वाटलं, फाटकावरचं यंत्र घाईतलं आहे, जरा सबुरीने पाहणारं असलं तर एखाद्या बोटावर रेषा सापडतील. आणि सापडलं ते एक बोट मुकादमाला सांगून फाटकावर नीट टेकवायचं, म्हणजे काम झालं.

म्हणून त्याने यंत्र बांधलं. मोडक्या दुर्बिणीतली त्रिकोणी काच काढली, चष्म्याच्या खोक्याला आतून काळा रंग दिला, बाजूने छोटा दिवा सोडला आणि खाली जुन्या कॉम्प्युटरचा कॅमेरा चिकटवला. काचेवर बोट टेकलं की रेषा जिथे काचेला लागतात तिथला उजेड परतत नाही, आणि पडद्यावर काळ्या रेघा उमटतात. एवढीच गंमत. पण बायकोचं बोट ठेवायच्या आधी रेघा ओळखायला शिकायला हवं, म्हणून त्याने अख्ख्या गल्लीला कामाला लावलं. चष्मा दुरुस्त करायला आलेल्या प्रत्येकाचं बोट आधी काचेवर. वळून आल्या वाटेने परत जाणाऱ्या रेघा म्हणजे शंख, गोल फिरणाऱ्या म्हणजे चक्र, आणि नुसत्या टेकडीसारख्या उठून उतरणाऱ्या म्हणजे कमान. न्हाव्याला दोन्ही अंगठ्यांवर चक्रं निघाली तर तो आठवडाभर गिऱ्हाइकांच्या तोंडाला साबण फासून हेच सांगत सुटला. शिंपीणकाकूंना निघाली कमान. कमान फार थोड्यांना असते, हे चष्मेवाला सांगायला गेला, पण काकूंनी ऐकलं ते एवढंच, की न्हाव्याला चक्र आणि आपल्याला नुसता उंचवटा. डबीतल्या कापसाची बातमी त्याच संध्याकाळी शिवून तयार झाली.

बायकोची पाळी आली तेव्हा पडदा कोरा. बोट ओलं करून पाहिलं, तेल लावून पाहिलं, फुंकर घालून पाहिलं. करड्या ढगासारखा एक डाग दिसे, बस्स. तो रोज नवीन युक्ती काढी आणि ती रोज निमूटपणे बोट पुढे करी, पोराने खेळणं दाखवलं की आई बघते तसं.

महिना सरत आला होता. एके दुपारी तो चष्म्याच्या बिजागरीला तेल घालत होता आणि ती डबा द्यायला आली. उजव्या हातात पेचकस होता, म्हणून त्याने डावा अंगठा काचेवर टेकवून दाखवला, “हा असा, हलकेच, मधोमध,” आणि लगेच तिला ठेवायला सांगितलं. तिने डावा अंगठा ठेवला. पडद्यावर शंख उमटला. स्वच्छ, ठसठशीत, वळणदार.

दोघं बघतच राहिली. मग तो हसला आणि ती रडली, की उलटं झालं, हे दोघांनाही नंतर आठवेना. त्याने ते चित्र जपून ठेवलं आणि दुकानाला कुलूप घालून तिच्याबरोबर थेट फाटक गाठलं. मुकादमालाही बरं वाटलं. “या मावशी, डावा अंगठा,” म्हणाला.

यंत्र गप्प. पुन्हा ठेवला, गप्प. पुसून ठेवला, दाबून ठेवला, डोळे मिटून ठेवला. तिच्या मागे बायकांची रांग वाढली. टेबलावरच्याच त्या मैत्रिणी, पण कुणी काही बोलेना, आणि तिला तेच जास्त लागलं.

दुकानात परतल्यावर त्याने ते चित्र पुन्हा उघडलं. बघ, आहे ना, आहे ना, असं तो पडद्यालाच समजावत होता. ती जवळ आली आणि तिने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, “अहो, ही आडवी चीर माझ्या अंगठ्याला कधी पडली?”

शंखाच्या मधून एक बारीक पांढरी रेघ गेली होती. चष्मेवाल्याने आपला डावा अंगठा वर केला. काच कापताना लागलेली जुनी खूण होती ती. ती म्हणाली, “तरी म्हटलं, माझ्या हाताला एवढं चांगलं वळण कुठून.”

दुसऱ्या दिवशी तो एकटाच मुकादमाकडे गेला. रोज सकाळी फाटकावर येतो, तिच्या नावावर माझा अंगठा घ्या, म्हणाला. मुकादम म्हणाला, “मग चादरी पिळायलाही तुम्हीच या, दादा.” त्यात चेष्टा नव्हती.

महिना संपला आणि तिच्या जागी दुसरी बाई आली. आता ती दुकानात बसते आणि गिऱ्हाइकांचे चष्मे पुसते. तिच्या हातून गेलेल्या काचेवर डागाचं नाव नसतं, लोक वाखाणतात. ती मान हलवते आणि पुढचा चष्मा घेते. गोष्टी सांगत नाही. कुणाला सांगणार, आरशाला? चष्मेवाला दारात उभा असतो.

शिंपीणकाकू अजूनही त्या डबीचा विषय काढतात. डबीत स्क्रू आहेत. ठसे कुणी काढून घेतले नव्हते. सोडा, गरम पाणी आणि डागांच्या औषधाने ते झिजून गेले होते, आणि यंत्रात जो शंख दिसला तो नवऱ्याच्या तेलकट अंगठ्याने काचेवर सोडलेला होता.