न घाबरणारे उंदीर

दोन हजार सालानंतर काही वर्षं मी शहापूर-मुरबाड रस्त्यालगतच्या एका छोट्या प्रयोगशाळेत संशोधक होते. तिथल्या काही उंदरांमधला एक जनुक काढून टाकलेला होता. भीती वाटण्याशी त्याचा संबंध असावा, असा आमच्या सरांचा कयास. किन्हवलीला घरी हे सांगितलं तर आई म्हणाली, "भ्यायचंच नाय? मग मांजर खाईल ना गो त्यांना!"

चाचणी साधी होती. उंचावर बसवलेली, अधिकच्या चिन्हासारखी फळी. दोन बाजूंना भिंती, दोन बाजू उघड्या. बाहेरून आणलेले साधे उंदीर आडोशालाच बसत. जनुक काढलेले मात्र उघड्या टोकापर्यंत बिनधास्त फिरत. सर हरखून गेले होते. मुंबईच्या परिषदेत ते हे मांडणार होते.

त्याआधीच्या एका दुपारी मागच्या खदानीत सुरुंग उडाला. रोजचंच होतं ते. फळीवरचा साधा उंदीर दचकून आडोशाला पळाला. मग मी जनुक काढलेला सोडला. दुसरा सुरुंग उडाला. हा मिशा पुसत बसलेला. कानसुद्धा हलला नाही.

पिंजऱ्यांमागे जाऊन मी स्टीलचा ट्रे फरशीवर आपटला. साधे उंदीर उसळले. बाकीचे ढिम्म.

"सर, हे निडर नाहीत. बहिरे आहेत."

सरांचा चेहरा उतरला. मग आवाज चढला. "परिषद तोंडावर आलीय आणि तुम्ही ट्रे आपटून मला हे सांगताय?"

"खदान बंद असेल त्या दिवशी चाचणी पुन्हा घेऊ. मग तुम्हीच ठरवा."

अमावास्येला खदान बंद असे. त्या दिवशी सर स्वतः घड्याळ घेऊन बसले. सुरुंग नव्हते, तर साधे उंदीरही हळूहळू उघड्या बाजूला येऊ लागले. एक, मग आणखी एक. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो. दुपारपर्यंत दोन्ही गटांत फरक उरला नाही. सरांनी जेवणाचा डबा तसाच ठेवला आणि परिषदेला फोन करून नाव मागे घेतलं.

पुढे आम्ही त्या उंदरांची सख्खी भावंडं तपासली, जनुक शाबूत असलेली. तीही बहिरीच निघाली. बहिरेपण त्या वाणातच, म्हणजे त्यांच्या वंशातच होतं, जनुकाचा काही संबंध नव्हता.

"म्हणजे भीतीबद्दल आपल्याला अजून काहीच कळलेलं नाही," सर म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते माझ्याशी नीट बोलत होते. मग आम्ही ऐकू येणारा वाण शोधायला लागलो.