उलटं झालं की पाणी

पहिल्यांदा जिभेवर आला तो एकच थेंब. क्लोरीनच्या चवीचा. सिलिंडरची हवा तोंडात देणारा रेग्युलेटर नवाकोरा, दातांत घट्ट धरलेला, मी स्विमिंग पूलच्या तळाशी, डोकं खाली पाय वर, आणि श्वास ओढला तर हवेबरोबर पाणी. मी उसळले ती थेट वर!

नाशिकात बसून स्कूबा डायव्हिंग शिकणाऱ्यांकडे किस्से साठणारच. दर रविवारी प्रॅक्टिसनंतर आमची मिसळ संपते, किस्से संपत नाहीत.

*

आमचा ओमकार सायखेड्याचा, गोदावरीत पोहून मोठा झालेला. पहिल्या दिवशी भोसले सरांनी सांगितलं, मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंका आणि धुऊन टाका. आम्ही सगळे तिथेच थुंकलो. हा मात्र मास्क घेऊन पार गेटबाहेर गेला.

"पाण्याच्या कडेला थुंकलो हे आजीला कळलं तर घरात नाय घेणार."

आजी सायखेड्यात, आम्ही नाशिकच्या कॉलेज रोडला!

*

ग्रुपमध्ये माझं नाव 'लिफ्ट'. खाली जाते आणि लगेच वर येते म्हणून. एकदा पायाला काहीतरी गार लागलं आणि मी किंचाळत वर आले. ते माझंच दुसरं पाऊल होतं.

त्यामुळे थेंबाची गोष्ट कुणालाच पटली नाही. सर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं.

"येता सोडून पुढच्या शनिवारी तारकर्लीच्या गाडीत तुझी जागा पक्की आहे," ते म्हणाले. "बोटीतली तू ठरव."

समुद्रात उतरल्याशिवाय सर्टिफिकेट नाही. घाबरून सोडलेल्या गोष्टी माझ्याकडे आधीच भरपूर आहेत, त्यांत ही नको होती.

*

खरं तर त्या रेग्युलेटरचं स्वागत घरी जावयासारखं झालं होतं. खोक्यातून काढल्या काढल्या आईने तो पाटावर मांडला. हळद-कुंकू, फूल, अक्षता, सगळं सढळ हाताने. निरांजन जवळ नेऊ लागली तेव्हा मीच रबरी नळी मागे ओढली. "पोरीला खाली श्वास पुरू दे," असं आई त्याला हात जोडून म्हणाली.

बाबांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "लिंबू-मिरची कुठे बांधायची याला?"

*

पुढच्या प्रॅक्टिसला मी ठरवलंच, एक तर मी बिघडले आहे नाहीतर माझा रेग्युलेटर. ओमकारचा रेग्युलेटर मागून घेतला. खाली जाऊन पालथी झाले, उताणी झाले, कोलांटी मारली. थेंबभरही पाणी आलं नाही.

मग माझा त्याला दिला. कमरेएवढ्या पाण्यात वाकून त्याने दोन श्वास घेतले आणि अंगठा-बोटाचा गोल करून 'ओके' दाखवलं. बाकीचे हसले.

"आता खाली जा," मी म्हटलं, "आणि उलटा हो."

तो गेला. जरा वेळाने खोकत वर आला, डोळे लाल. "सर, हे उलटं झालं की लय पाणी पाजतंय!"

आता सर पाण्यात उतरले. सिलिंडर बंद करून मला माझ्या रेग्युलेटरमधून श्वास ओढायला लावला. हवा यायला नको होती, बारीकशी येत होती. श्वास बाहेर जातो तिथे पातळ रबरी चकती असते, ती नीट मिटत नसणार, असं ते म्हणाले. पण नव्या वस्तूत असं का व्हावं, हे त्यांनाही कळेना. आणि आपण उघडलं तर वॉरंटी गेली, दुकानालाच विचारायला हवं.

"लिफ्ट," ओमकार म्हणाला, "तुझं नाव परत घेतो बरं का."

*

दुकानाचा फोन मी लावत राहिले. रिंग जायची, संपायची. बसस्टॉपवर लावला, लंच ब्रेकमध्ये लावला, भाजी निवडता निवडता लावला. आई म्हणाली, जाऊ दे, पुढच्या वर्षी जा. मी परत लावला. शुक्रवार उजाडला, पाठीवरची सॅक भरून झाली, रेग्युलेटर तेवढा मांडीवर.

आणि फोन उचलला गेला! सर्व्हिसवाल्या बाई होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं: थेंब, कोलांटी, ओमकारचा खोकला, ती चकती.

"ताई, घरी पूजा केली होती का याची?"

मी आईकडे बघितलं. "हो."

"मग चकतीखाली बघायला हवं. नारळ फोडला होता, की नुसत्याच अक्षता?"