फुकट नव्हे, आपलं

रोहिणीताई गेल्याचं मला मोखाड्याच्या एसटी स्टँडवर कळलं. शाळा सुटल्यावर मी जव्हारच्या गाडीची वाट बघत उभी होते. सूर्यमाळची जयवंती लगबगीनं आली, डोक्यावरची पाटी तिनं खाली ठेवली आणि म्हणाली, "बाई, ताई गेली." मला वाटलं, ताई नाशिकच्या दवाखान्यातून घरी गेल्या असं ती सांगतेय. मी चक्क "बरं झालं" म्हणाले. जयवंतीनं माझा हात धरला, तेव्हा मी पिशवीतला मोबाइल काढला. वर्गात मी तो आवाज बंद करून ठेवते. भाऊंचे, म्हणजे ताईंच्या यजमानांचे, फोन येऊन गेले होते. मी उचलत नाही म्हटल्यावर त्यांनी जयवंतीला कळवलं होतं.

गाडीत शेजारी एक ओळखीच्या बाई होत्या. "सुटल्या बिचाऱ्या," त्या म्हणाल्या. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं. ताईंना सुटायचं नव्हतं. त्यांना आणखी दहा वर्षं हवी होती आणि ती कशाला हवीत हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. 'बिचारी' हा शब्द तर त्यांच्या आसपासही फिरकला नसता. काही आठवडे उलटले, पण तो राग अजून उतरलेला नाही. हे मी त्या रागातच लिहितेय.

रोहिणीताई आमच्या शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एक बुटकी भिंत आहे, त्या भिंतीवरूनच आमची सगळी मैत्री झाली. जव्हारच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून, समोरच्या बोर्डात वायरी खोचून त्या माणसांना माणसांशी जोडून देत. पुढे आपोआप चालणारी यंत्रं आली, बोर्डावर धूळ बसली आणि ताईंना बिलांच्या टेबलावर बसवण्यात आलं. निवृत्तीपर्यंत त्या तिथेच होत्या. "मशीन आलं आणि मला न विचारता माझी खुर्ची घेऊन गेलं," त्या म्हणायच्या. "मशीनवर माझा राग नाही गं. न विचारण्यावर आहे."

निवृत्तीनंतर मुंबईच्या पुतण्यानं आपला जुना कॉम्प्युटर त्यांच्याकडे आणून टाकला. तो इतका हळू चालायचा की चालू करून ताई कणीक मळून यायच्या. बाजारातल्या दुकानदारानं बघितलं आणि सांगितलं, "मावशी, याच्यात आता काही होणार नाही. नवीन घ्या."

"बिघडलंय काय?"

"बिघडलं नाही. जुनं झालंय. कंपनी आता याला विचारत नाही."

"जुनी तर मीपण झालेय," ताई म्हणाल्या आणि कॉम्प्युटर रिक्षात घालून परत घेऊन आल्या.

नंतर मोबाइलवर शोधता शोधता त्यांना मुक्त सॉफ्टवेअरचा पत्ता लागला. जगभरातली माणसं मिळून कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणाली लिहितात, त्या कुणीही घ्याव्यात, वापराव्यात, दुसऱ्याला द्याव्यात, आणि जुन्या मशीनवरही त्या बऱ्या चालतात, हे वाचल्यावर त्यांचा विश्वासच बसेना. पहिल्या खटपटीत त्यांनी मशीनमधलं होतं नव्हतं ते सगळं पुसून टाकलं. दुसऱ्या खेपेला पडदा काळा झाला तो काळाच राहिला. भाऊ बिचारे (भाऊंना मात्र हा शब्द लागू होतो) त्या दिवसांत स्वतःच वरणभात लावून जेवत. आणि एका सकाळी ताईंनी भिंतीवरून मला अशी हाक मारली की मी हातातलं पातेलं तसंच घेऊन धावले. पडद्यावर लिनक्स नावाची तसलीच एक मुक्त प्रणाली उघडली होती, सगळ्या पाट्या मराठीत होत्या, आणि ताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "नाही होणार म्हणे!" एवढंच त्या बोलल्या.

तेव्हापासून आठवडी बाजाराच्या दिवशी त्यांची पडवी उघडी असायची. ज्याला कॉम्प्युटरची किंवा मोबाइलची अडचण, त्यानं यावं. बाजाराला आलेली माणसं भाजीच्या पिशवीतून लॅपटॉप काढत. ताईंचा आवाज ऑपरेटरचाच होता, स्वच्छ आणि ठाम, आणि सल्ले ठरलेले. महत्त्वाचं काहीही एका जागी ठेवायचं नाही, दोन जागी ठेवायचं, आणि दुसरी जागा त्याच घरात नको. लेकराच्या नावाचा पासवर्ड नको, लेकराचं नाव सगळ्या गावाला माहीत असतं. घाबरवणारा फोन आला तर आधी ठेवून द्यायचा, घाबरायचं नंतर. पण त्यांचा खरा संताप चोरीच्या सॉफ्टवेअरवर होता. कुणी तसलं भरून आणलं की त्या कडाडायच्या, "चोरून कशाला आणता? उघडपणे मिळतंय ते घ्या ना!" आणि कुणी मुक्त सॉफ्टवेअरला 'फुकटचं' म्हटलं, तर आणखी चढ्या आवाजात, "फुकट नव्हे, आपलं. फुकट म्हणजे कुणीतरी उपकार केलेलं. आपलं म्हणजे ज्याच्यावर आपला हक्क आहे."

सगळंच त्यांना जमायचं असं नाही. एका आजोबांच्या डिस्कमधून कट्कट् आवाज येत होता, त्यात त्यांच्या सगळ्या हयातीचे फोटो होते. ताईंनी खूप प्रयत्न केले आणि शेवटी त्यांचा हात धरून सांगितलं, "गेलं, आजोबा. माझ्याच्यानं नाही होत." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

जयवंती पहिल्यांदा आली ती अशाच एका बाजाराला, ऐन उन्हाळ्यात. ती तिच्या पाड्याच्या पाणी समितीत होती. झरे आटले की त्यांच्याकडे टँकर यायचा, म्हणजे कागदावर यायचा. विहिरीत पाणी सोडल्याच्या नोंदी रोज होत आणि विहीर कोरडी. हे बघून जयवंतीनं रोज सकाळी विहिरीचा फोटो काढायला सुरुवात केली. वायर लावून ती ते फोटो बचतगटाच्या लॅपटॉपमध्ये साठवायची. आता तालुक्याला सुनावणी लागली होती आणि नेमका लॅपटॉप सुरू होईना. मोबाइलमध्ये जागा उरत नाही म्हणून तिथले फोटो ती पुसत आली होती. दुकानदार म्हणाला, फॉरमॅट मारतो, आतलं सगळं जाईल.

"जाईल तं मंग मी तिथं काय दाखवू?" जयवंती म्हणाली. "टँकरवाले सांगतील पानी टाकलं. मी सांगन नाय टाकलं. माझा कोन ऐकल?"

ताईंनी लॅपटॉप मांडीवर घेतला. आत चोरीची प्रणाली होती आणि तिच्याबरोबर आलेल्या व्हायरसनं घात केला होता. एरवी त्या कडाडल्या असत्या, पण त्या दिवशी त्यांनी आधी जयवंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हे बघ, दाराचं कुलूप बिघडलंय. घर शाबूत असणार. आपण खिडकीतून आत जाऊ आणि सामान बाहेर काढू." त्यांनी पेनड्राइव्ह लावला. लिनक्स त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू झालं, आतल्या डिस्कला धक्काही न लावता. जयवंती पडवीच्या खांबाला धरून उभी होती. ताई एकेक कप्पा उघडत गेल्या आणि एकाएकी पडदाभर विहिरी दिसू लागल्या. सगळी एकच विहीर, वेगवेगळ्या दिवसांची, तळाशी दगड आणि एक फुटका डबा. जयवंती खांब सोडून पुढे आली आणि हसायला लागली. हसता हसताच डोळे पुसले तिनं.

सुनावणीला आम्ही तिघी गेलो. ताईंनी सगळे फोटो एका अर्जात नीट लावले होते. प्रत्येक फोटोच्या पोटात तो काढल्याचा दिवस आणि वेळ असते; मेसेजमधून पाठवला की ती बहुधा गळून पडते, वायरीनं घेतला की राहते. जयवंतीला हे माहीत नव्हतं, पण तिच्या हातून बरोबर तेच झालं होतं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी ती अर्जाची फाइल आपल्या कॉम्प्युटरवर लावली आणि ती उघडेना. ताईंनी ती मुक्त सॉफ्टवेअरमध्ये केली होती आणि मुद्दाम त्याच स्वरूपात ठेवली होती.

"आमच्या सिस्टीमवर हे चालत नाही. योग्य त्या स्वरूपात आणा. पुढची तारीख देतो."

"चालत नाही असं नाही, साहेब. तुम्ही चालवत नाही," ताई म्हणाल्या. "जनतेच्या कचेरीत जनतेचं सॉफ्टवेअर उघडायला कसली आलीय परवानगी? आत्ता इथे बसून घालून देते." साहेबांचा चेहरा लाल झाला. ताई खुर्ची ओढून बसल्यादेखील. मला कळून चुकलं की आता संध्याकाळ होणार.

तेवढ्यात जयवंतीनं ताईंच्या दंडाला हात लावला. "ताई, तुमचा भांडण नंतर करा. आमाला पानी पायजे."

ताई तिच्याकडे वळल्या. मग हसल्या... इतक्या मोकळ्या हसल्या की साहेबही गडबडले. "बरोबर आहे बाई तुझं," त्या म्हणाल्या. त्यांनी आपल्या लॅपटॉपवर तोच अर्ज कुठेही उघडेल अशा पीडीएफमध्ये केला आणि सोबत मूळ फोटो दिले. पडद्यावर विहीर आली, मग तीच विहीर, मग पुन्हा तीच. साहेब म्हणाले, "हे मागाहून बदललेले असू शकतात." जयवंती म्हणाली, "मंग चला ना साहेब आत्ता. विहीर तिथंच हाये, पळून नाय गेली." साहेबांनी फोटो दाखल करून घेतले.

टँकर त्याच आठवड्यात पाड्यावर चढला आणि पाऊस लागेपर्यंत येत राहिला. खोट्या नोंदी करणाऱ्यांना काहीही झालं नाही, हेही इथे लिहून ठेवते. आणि ताई पुढच्या आठवड्यात आपलं उरलेलं भांडण करायला एकट्याच पुन्हा त्या कचेरीत गेल्या. पुढेही जात राहिल्या. कंटाळून एका कारकुनानं आपल्या मशीनवर ते सॉफ्टवेअर घालून घेतलं. ताई त्याला आपला विजय म्हणायच्या. भाऊ त्याला कारकुनाची सुटका म्हणायचे.

दुखणं कळलं तेव्हा ते बरंच पसरलेलं होतं. ताईंनी डॉक्टरांचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन पडवीत बसल्या, कारण बाजाराचा दिवस होता. मी म्हटलं, आता तरी आराम करा. "मला झोपवायची घाई कुणालाच करू देऊ नकोस," त्या म्हणाल्या. नाशिकला शेवटची भेटले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. तरी शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या मोबाइलवरच्या नको त्या परवानग्या बंद करायला त्या मला खुणेनं सांगत होत्या. मी चुकीचं बटण दाबलं की भुवया वर जात. निघताना मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. डोळे मिटून त्या कशाबशा म्हणाल्या, "मीनल, जयवंतीला सांग... पावसाआधी सगळं दोन जागी ठेव म्हणावं." मला त्या वेळी काहीतरी वेगळं ऐकायचं होतं. आता वाटतं, याहून मोठं त्या काय सांगणार होत्या?

दिवसकार्य झाल्यावर पुतण्या म्हणाला, पडवी मोकळी करून टाकू. लोकांनी सोडून दिलेले कॉम्प्युटर तिथे फळीवर रांगेनं ठेवलेले होते, ताईंनी हात लावायचे राहिलेले. त्यानं भंगारवाल्याला बोलावलंही. मी भिंतीपलीकडून पाहिलं, तर भाऊंनी त्यातलाच एक काढून टेबलावर मांडला होता. या माणसानं इतक्या वर्षांत कधी कीबोर्डला बोट लावलं नव्हतं. मी गेले. "मीनल, तिचा तो पेनड्राइव्ह कुठे लावायचा गं?" त्यांनी विचारलं. मी दाखवलं. पंखा घरघरला, पडदा बराच वेळ काळाच राहिला, मग उजळला आणि त्यावर भाषांची लांबलचक यादी आली. भाऊंनी चष्मा पुसला आणि एकेक ओळ बोटानं खाली सरकत गेले. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. पुतण्या दारातून म्हणाला, "काका, तो आलाय, थांबवू का त्याला?"

भाऊंचं बोट 'मराठी'वर येऊन थांबलं. त्यांनी मान वळवली नाही.

"जा म्हणावं त्याला. भंगार नाहीये इथे."

आणि त्यांनी बटण दाबलं.