एका वेळी एकच गोळी

"उठायचं कारन काय?" असं म्हणत आमच्या कंपनीच्या टूल स्टोअरचे मामा टेबलाखालून सळई काढायचे. चांगली पाच फुटी लोखंडी सळई, टोकाला आकडा. हत्यार न्यायला आलेल्या कामगाराने स्टोअरच्या खिडकीत तारण म्हणून आपला पितळी बिल्ला ठेवला, की मामा त्या आकड्याने मागच्या फळीवरचा हवा तो डबा खुर्चीतूनच ओढून घ्यायचे आणि ड्रिल पुढे सरकवायचे. सगळं स्टोअर त्यांनी हाताच्या नि सळईच्या टप्प्यात मांडलं होतं. नवा माणूस बघतच राहायचा. मी कंपनीच्या दवाखान्यातला कंपाउंडर. मला मात्र ती सळई दिसली की धस्स व्हायचं.

कारण त्या खुर्चीवर त्यांना बसवण्यात माझाही हात होता. मामा मूळचे ताथवड्याचे. कंपनी निघाली तेव्हा लेथवर लागले आणि वर्षानुवर्षं तिथेच उभे राहिले. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या, तेव्हा आमचे डॉक्टर म्हणाले, यांना बसून करायचं काम द्या. तशी चिठ्ठी मी लिहिली, डॉक्टरांनी सही केली, आणि मामांना खुर्ची मिळाली.

त्या खुर्चीचं अप्रूप काय सांगू! "पोरीचं जमवायला गेलो," मामा सांगायचे, "तर पावनं इचारत्यात, तुमी कंपनीत काय करता? म्हनलं, बसून काम हाय. लगीच ठरलं, राव." त्यांनी सायकल भाच्याला देऊन टाकली आणि कंपनीची बस धरली. डबा खुर्चीत, चहा खुर्चीत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. जन्मभर उभ्या राहिलेल्या माणसाला बसायला मिळालं, तर त्याला ऊठ म्हणायला जीभ रेटत नाही. माझीही बरेच दिवस रेटली नाही.

मग त्यांचा डावा पाय सुजू लागला. एकटा डावाच. संध्याकाळी त्या पायाच्या बुटाची नाडी बांधता येईना. डॉक्टरांनी घोटा दाबून पाहिला आणि बजावलं, "मामा, तासातासाला उठून चक्कर मारा. बसून बसून पायात रक्त साकळतं. रक्ताची एखादी गाठ वर छातीत सरकली तर जिवावर बेतेल."

"न्हाई सायेब, ही उभं ऱ्हायल्याची जुनी सूज हाय. बसूनच उतरंल," मामा हसून म्हणाले. बाहेर पडताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमीच लिवलं व्हतं न्हवं, बसून काम द्या म्हनून?"

तेव्हापासून माझं लक्ष त्यांच्या पायावरून हलेना. काही ना काही निमित्त काढून मी स्टोअरवरून जायचो आणि खिडकीत वाकून टेबलाखाली बघायचो. मामांना वाटायचं, मी सळई बघतोय. ते ती कौतुकाने दाखवायचे.

खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येकजण आपापल्या मशीनची पूजा करी. पूजा झालेल्या मशीनला त्या दिवशी पुन्हा हात लावायचा नाही. मामांकडे मशीन नव्हतं, म्हणून त्यांनी खुर्चीची पूजा केली. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, सगळं साग्रसंगीत. आणि मग पंचाईत झाली, कारण पुजलेल्या खुर्चीवर बसायचं कसं? ते दिवसभर प्रसाद वाटत सगळी कंपनी फिरले, जुन्या लेथला नमस्कार करून आले आणि दुपारी माझ्याकडे आले. "आज पाय लई हलका वाटतोय, भाऊ. देवीची किरपा!"

मी संधी साधली. "मामा, डॉक्टरांनी तुमच्यासाठी एक गोळी ठेवलीय. पण ती पुडी बांधून द्यायची नाही. दिवसातून चार वेळा इथं येऊन घ्यायची, एका वेळी एकच." गोळी साधी पिवळी, ताकदीची. टूल स्टोअर कंपनीच्या एका टोकाला आणि दवाखाना दुसऱ्या. जाऊन येऊन दहा मिनिटं सहज लागत. खरं औषध तेवढंच होतं.

मामा घड्याळ लावल्यासारखे येऊ लागले. महिन्याभरात सूज उतरली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी डॉक्टरांनाही हे सांगून हसवलं. "गोळीला गुन हाय," मामा सगळ्यांना सांगत सुटले. मी खरं बोललो नाही. खरं कळलं तर यायचे बंद होतील, ही भीती होती.

पुढे मोठी ऑर्डर आली, ओव्हरटाइम सुरू झाला. खिडकीपुढे रांग आणि माझ्याकडेही बोटं कापलेल्यांची गर्दी. मामा घाम पुसत म्हणाले, "भाऊ, म्हैन्याच्या एकदम द्या की. टायमावर घीन, आईची आन." मलाही त्यांच्यासाठी चार चार वेळा उठून कपाट उघडायचा कंटाळा आला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं. मी पुडी बांधून दिली. मनात म्हटलं, ऑर्डर संपली की पुन्हा बोलावू.

ऑर्डर संपायच्या आधीच एका संध्याकाळी सुटीचा भोंगा झाला, मामा खुर्चीतून उठले आणि दोन पावलांवर कोसळले. मी पळत पोहोचलो. त्यांना श्वास घेता येत नव्हता. माझा हात घट्ट धरून एवढंच म्हणाले, "गोळी घेतलीया, भाऊ." गाडी येईपर्यंत हात सैल पडला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांचं सामान घरी पोहोचवायचं म्हणून मी स्टोअरमध्ये गेलो. पुडी खुर्चीशेजारच्या खिळ्याला टांगलेली होती, बसल्या जागी हात पोहोचेल अशी. मी उरलेल्या गोळ्या मोजल्या. मामांनी एकही चुकवली नव्हती.