दोरीवरचे पाच चिमटे

फोन आला तेव्हा मी कामावर होतो. मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. आमच्या कारखान्यात मी मापं तपासण्याच्या खात्यात आहे. समोर एक गेज होतं आणि त्याचं वाचन वहीत लिहीत होतो. वंदनावहिनींचा फोन कामाच्या वेळी कधी येत नाही. "भाऊजी, हे उठत नाहीयेत," एवढंच त्या म्हणाल्या. विक्रोळीहून नाहूरला पोचायला मला चाळीस मिनिटं लागली. तोवर डॉक्टर येऊन गेले होते. सकाळचा चहा घेऊन त्यांचा नवरा, माझा जुना मित्र सुधाकर, घरातल्या स्टुडिओत खुर्चीवर बसला होता, तो तसाच राहिला. कप अर्धा भरलेला होता... माझ्या वहीत त्या दिवशीचा आकडा आहे, पण पुढे एकक लिहिलेलं नाही. तेवीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. सुधाकर गेला याचं दुःख आहेच, पण एका लहानशा गोष्टीची काळजी त्या दुःखापेक्षाही जास्त टोचते. जाण्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, मी नेहमीप्रमाणे त्याच्याकडे बसलो होतो. समोरच्या दोरीवर त्याचे चिमटे लावलेले होते. ते पाच होते की सहा, हे मला सांगता येत नाही. मी जिने चढताना पायऱ्या मोजतो, जेवताना पोळ्या मोजतो. त्या दिवशी मात्र चिमटे मोजले नाहीत.

चिमट्यांचं नीट सांगायला हवं. सुधाकर आणि मी एकाच कारखान्यात उमेदवारीला लागलो. तो चार वर्षांत नोकरी सोडून आवाजाच्या नादाला लागला. आधी वस्तीतल्या कार्यक्रमांना माईक लावायचा, मग रेकॉर्डिंग शिकला आणि शेवटी नाहूरच्या दोन खोल्यांच्या घरात आतल्या खोलीचा स्टुडिओ केला. भिंतींना गाद्या आणि आईच्या गोधड्या टांगलेल्या. गायक आणि रेकॉर्डिस्ट एकाच खोलीत, मध्ये काच वगैरे काही नाही. गायलेला आवाज कच्चा असतो, त्यावर कॉम्प्युटरवर एकामागून एक संस्कार करायचे असतात. या प्रत्येक संस्कारासाठी सुधाकरकडे कपडे वाळत घालायचा एक चिमटा होता आणि त्यावर मार्करने नाव लिहिलेलं होतं. 'गेट' म्हणजे गाणारा थांबला की माईक बंद करणारा दरवाजा. 'घरघर' म्हणजे तळातला पंपाचा, पंख्याचा आवाज कापणारा. 'दाब' म्हणजे मोठा आवाज दाबून लहान आवाज वर आणणारा कॉम्प्रेसर. 'शिट्टी' म्हणजे स आणि श यांची टोचणी काढणारा. 'रंग' आवाजाला थोडी ऊब देणारा, आणि 'खोली' म्हणजे रिव्हर्ब, आवाज मोठ्या जागेत घुमल्यासारखा करणारा. नवं गाणं हाती घेतलं की तो ते दहा-बारा वेळा नुसतं ऐकायचा, टेबलावरच्या दोरीवर चिमटे इकडचे तिकडे करायचा. क्रम मनासारखा लागला की मगच कॉम्प्युटरला हात लावायचा.

"माझे डझनभर चिमटे होते, त्यातले सहा यांच्या सुरांनी खाल्ले," वहिनी म्हणायच्या.

मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा म्हणालो होतो, "अरे सुध्या, सहाच्या सहा लावायचेच आहेत ना? मग पुढेमागे झाले तर काय बिघडलं? गुणाकार कुठूनही करा, उत्तर तेच."

"परब, हा गुणाकार नाय रे. आमटी आहे. पाणी उकळल्यावर मोहरी टाकशील का तू?"

"वरून फोडणी देतात की."

तो हसला. "देतात ना. पण ती वेगळी आमटी झाली, यार."

मग त्याने दाखवलं. सोसायटीचा पाण्याचा पंप चालू असताना घेतलेला एका बाईंचा आवाज होता. आधी दाब, मग घरघर असं लावलं. पंपाची घरघर ऐकू येत नव्हती, पण प्रत्येक ओळीत बाईंचा आवाज मध्येच बसत होता, कुणी तोंडावर हात ठेवावा तसा. "दाबाला काय कळतंय बाई कोण नि पंप कोण? पंप वाढला की तो बाईला दाबतो. आता बघ." त्याने दोघांची अदलाबदल केली आणि आवाज मोकळा झाला. आकडे तेच होते, एकही बदलला नव्हता... माझ्यासारख्या माणसाला हे पचायला वेळ लागला. पुढच्या रविवारी मी वही घेऊन गेलो. तो सगळं कानाने करायचा आणि आकडे विसरायचा. मी ते लिहून ठेवू लागलो. अकरा वर्षांत चार वह्या झाल्या. "माझा मुनीम आला," असं म्हणून तो खुर्ची सरकवायचा.

त्याचे दोन नियम होते. कच्चं कुणाला ऐकवायचं नाही, आणि रेकॉर्डिस्टचा आवाज गाण्यात येता कामा नये. हा दुसरा नियम त्याला जड जायचा, कारण गाणारा एक ओळ संपवून श्वास घ्यायला थांबला की सुधाकरच्या तोंडून हलकंसं "हं" निघायचं. पुढे चल, अशा अर्थाचं. त्याला ते आवरत नसे. म्हणून तो बहुतेक वेळा गेट सगळ्यांत आधी लावायचा. ओळींच्या मधलं सगळं बंद. पंखा, खुर्ची आणि त्याचं "हं" सगळंच जायचं. "माझा आवाज राहिला तर माझी वाट लागली समज," असं तो म्हणे.

शेवटचं काम त्याच्या सखूआत्याचं होतं. आत्या विक्रोळीला राहतात, वय ब्याऐंशी. ऐन उमेदीत त्या वस्त्यांमधून, मैदानांवरून गायल्या. घरातली भांडी घासून संध्याकाळी गाणं. त्यांचा आवाज कुणी नीट जपून ठेवला नव्हता. यंदा घशाचं ऑपरेशन ठरलं आणि आवाज राहील याची खात्री डॉक्टरांनी दिली नाही. म्हणून ऑपरेशनची तारीख येण्याआधीच सुधाकरने पाच दिवस बसून त्यांची सहा गाणी घेतली. त्या शेवटच्या रविवारी तो तीच ऐकत बसला होता.

"लागला क्रम?" मी विचारलं.

"लागला. उद्या-परवा बसतो. ऑपरेशन होऊन आत्या घरी आली की तिला देईन."

मी दोरीकडे पाहिलं, पण मोजलं नाही.

ऑपरेशन त्याच्या मृत्यूनंतर आठ दिवसांनी झालं. आत्या वाचल्या, पण आवाज गेला. आता त्या पाटीवर लिहून बोलतात. सुधाकरच्या स्मरणाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला आणि वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, आत्यांची गाणी त्या दिवशी लागायला हवीत. तुमच्या वह्यांत सगळं आहे ना?"

वह्यांत सगळं होतं, या सहा गाण्यांचं सोडून. कॉम्प्युटरवर त्याने अजून काहीच लावलं नव्हतं, नुसते कच्चे आवाज होते. त्याने ठरवलेला क्रम फक्त दोरीवर होता. आणि दोरी रिकामी होती.

घरात आठ दिवस पाहुणे होते. वहिनींच्या बहिणीने गॅलरीत एवढे कपडे वाळत घातले, चिमटे कमी पडले म्हणून आतले आणले. तिला काय माहीत? मी गॅलरीत जाऊन उशांच्या अभ्र्यांवरून, टॉवेलांवरून एक-एक चिमटा काढला. घरघर, दाब, शिट्टी, रंग, खोली. पाच. सहावा सापडेना. दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात दिसला, चहापत्तीच्या पुडीला लावलेला. 'गेट'.

"हा इथे कधी आला, वहिनी?"

त्यांनी पुडी हातात घेऊन चिमट्यावरचं नाव वाचलं. "बहिणीने लावला असेल... किंवा यांनीच दिला असेल. मी चिमटा मागत होते खरी. पण ते आधी की नंतर, आता काहीच आठवत नाही हो."

सगळा फरक त्या एका उत्तरावर होता. सुधाकरने स्वतः तो दोरीवरून काढून दिला असेल, तर या गाण्यांना गेट नको असं त्याने ठरवलं होतं. पाहुण्यांपैकी कुणी उचलला असेल, तर तो दोरीवर होता आणि त्याच्या नेहमीच्या नियमाने सर्वांत आधी होता. मी काय केलं ते सांगतो, हसू नका. मी ती पुडी वजनकाट्यावर ठेवली. अर्धा किलोची पुडी, दोन माणसं, दिवसाला चार कप; त्यावरून ती सुधाकर असताना फोडली की नंतर, हे काढता येईल असं मला वाटलं. पण आठ दिवसांत त्या घरात किती कप चहा झाला, हे कोण सांगणार? हिशोब तिथेच संपला. मी पुडी जागेवर ठेवली.

शेवटी मी वह्यांवर विसंबलो. म्हाताऱ्या बायकांचे आवाज असलेली जुनी कामं शोधली, त्यांचे आकडे घेतले, गेट पहिलं लावलं. तीन रविवार दुपारभर बसलो. प्रत्येक वेळी मूळ आवाजाची वेगळी प्रत केली, ती नीट उघडते की नाही हे दोनदा तपासलं. भीती एकच होती. या बाईचा दुसरा आवाज आता जगात नाही, आणि मी रेकॉर्डिस्ट नाही. तिसऱ्या रविवारी काम झालं. मलाच बरं वाटलं. आवाज स्वच्छ होता, ओळींच्या मध्ये पूर्ण शांतता होती. वहिनींना बोलावलं.

त्यांनी एक गाणं पूर्ण ऐकलं. पदराने हात पुसत म्हणाल्या, "छान झालंय. पण मध्ये हे होते ना?"

"कोण?"

"हेच. आत्या थांबल्या की हे हं म्हणायचे. मी पोळ्या लाटताना ऐकायचे रोज. ते कुठे गेलं?"

मी गेट काढलं आणि तेच गाणं परत लावलं. दाब लहान आवाजांना वर आणतो हे मी वहीत कितीतरी वेळा लिहिलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला. पहिली ओळ संपली, आत्यांनी श्वास घेतला आणि मागून, अगदी जवळून, "हं". खुर्ची जराशी करकरली. रिव्हर्ब शेवटी होता, त्यामुळे आत्या आणि तो एकाच मोठ्या जागेत बसल्यासारखे वाटत होते. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. सहा गाण्यांत मिळून एकतीस वेळा. मी नंतर मोजलं.

आता काळजी आणखी वाढली. हे ठेवलं तर त्याचा नियम मोडतो. काढलं तर माझ्या हाताने मी त्याला पुसतो. आणि त्याला काय हवं होतं, हे सांगणारा चिमटा चहाच्या पुडीवर. दोन्ही प्रती घेऊन मी विक्रोळीला आत्यांकडे गेलो. आत्या खाटेवर बसल्या होत्या, गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी. आधी स्वच्छ प्रत लावली. त्या शांतपणे ऐकत होत्या. पण प्रत्येक ओळीनंतर त्यांचे ओठ उशिरा हलायचे. गाणं पुढे गेलेलं असायचं आणि त्या मागे राहायच्या. मग दुसरी प्रत लावली. पहिलं "हं" आलं. आत्यांनी मान वर केली, पट्टीखालचा गळा हलला आणि पुढची ओळ ओठांनी, आवाजाशिवाय, बरोबर जागेवर उचलली. शेवटच्या ओळीपर्यंत एकदाही चुकल्या नाहीत. गाणं संपल्यावर पाटीवर लिहिलं: सुधा हाय त्यात. ऱ्हाऊ दे.

मी म्हणालो, "आत्या, त्याला चाललं नसतं. गाण्यात त्याचा आवाज नको असायचा त्याला."

त्यांनी पाटी पुसली, परत लिहिलं: त्याला कोण इचारतं.

कार्यक्रमात तीच प्रत लागली. मी मागच्या ओळीत बसून लोकांचे चेहरे बघत होतो, कुणी हसतंय का, कुणाला खटकतंय का. पहिल्या "हं"ला पुढच्या दोघा-तिघांनी मान वळवून मागे पाहिलं. दुसऱ्याला कुणी पाहिलं नाही.

सुधाकरला काय हवं होतं, ते मला अजून माहीत नाही आणि आता कळणारही नाही. वेगळी आमटी झाली, एवढंच म्हणता येईल. रविवारी मी अजून नाहूरला जातो. त्याची अर्धवट राहिलेली दोन-तीन कामं आहेत. वहिनी चहा ठेवतात. जुनी पुडी संपली, नवी आणली, तर तोच चिमटा त्यांनी नव्या पुडीला लावला. अक्षरं थोडी पुसट झालीत. आतल्या खोलीत मी बसण्याआधी दोरीवरचे चिमटे मोजतो. पाच. सहाव्याची जागा डावीकडे, सगळ्यांच्या आधी, चार बोटं रिकामी ठेवली आहे.