सरांनी विचारलेलं दूध

डॉ. मगदूम सरांची आणि माझी पहिली ओळख माझ्या फजितीनंच झाली. कोल्हापुरात त्यांच्या हाताखाली पोटविकार शिकायला रुजू झालो, त्या सकाळी मी फाईल बघून पेशंटची माहिती घडाघडा म्हणून दाखवली. सर म्हणाले, "फाईल मिटा. आता पावण्यास्नी इचारा, सकाळी उठल्यापास्नं काय काय करता." पुढे बारा वर्षं त्यांच्याजवळ राहिलो, पण हा धडा मला फार उशिरा कळला.

दत्तूअण्णा कळंब्याचे म्हैसवाले. त्यांना क्रोन्स, म्हणजे आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार होता. औषधांनी सूज गेली, दुर्बिणीची तपासणी स्वच्छ आली. तरी पोट फुगे, कळ येई, दिवसातून सहा-सात वेळा पळावं लागे. मी दोन वर्षं एकच ऐकवलं, "रिपोर्ट नॉर्मल आहेत. मनातनं काढून टाका." ज्ञान बेताचं आणि तोरा मोठा!

मी रजेवर असताना ते सरांकडे गेले. सरांनी शेजारी बसवून अख्खा दिवस विचारून घेतला. पहाटे धार काढताना तांब्याभर धारोष्ण दूध, संध्याकाळी कट्ट्यावर पुन्हा पेला.

"आधी का सांगितलं न्हाय?"

"डाक्टरांनी खाणं इचारलं की. दूध खाणं हाय व्हय?"

सूज गेली तरी त्या आतड्याला दूध सोसत नव्हतं. सरांनी ते थांबवलं, आहारतज्ज्ञ बाईंकडून बाकीचं खाणंही एकेक करून तपासलं. "तरास सगळा जाईल असं न्हाय, पण तो खोटा न्हाय," असंही सांगितलं. दोन महिन्यांत पळापळ निम्म्यावर आली.

त्याआधीच अण्णांच्या थोरल्या लेकीचं लग्न होऊन गेलं होतं. भर मांडवातून पळावं लागेल या भीतीनं अण्णा घरीच बसले आणि कन्यादान चुलत्यानं केलं. हे मला सरांनी सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "रिपोर्ट शांत हुता, माणूस न्हवता. जावा त्यांच्याकडं."

गेलो. माफी मागितली. अण्णांनी धार काढून पेला माझ्या हातात दिला. "प्या डाक्टर. तुमास्नी सोसतंय." मान खाली घालून प्यालो.

सरांच्या पंचाहत्तरीला इतर मंडळी त्यांचं यश लिहितील. मी माझी चूक लिहितो, कारण ती झाकायला त्यांनी शिकवलं नाही. सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. यंदा अण्णांची धाकटी उजवायची आहे. कन्यादानाला अण्णा स्वतः बसणार आहेत, सरांना आणि मला आग्रहाचं आमंत्रण आहे. थोरलीचं मात्र राहिलं, ते राहिलंच.