जाम घोडा
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आज सकाळी नाकात शिरला आणि पांढुर्ण्याच्या बंदूक-मिस्त्रीचं दुकान आठवलं. ऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. संत्र्याच्या बागेत रानडुकरं शिरत, म्हणून वडिलांनी परवाना काढून एक जुना रिव्हॉल्व्हर घेतला होता. पण त्याचा घोडा त्यांच्याकडून दाबलाच जाईना. मिस्त्रीनं तो रिकामा आहे याची खात्री केली, खोलला, स्प्रिंग सैल केली, तेल सोडलं आणि एका बोटानं टक् टक् दाबून दाखवला. मग वडिलांनी दोन्ही हातांनी धरला. जोर लावला, पण घोडा काही हलला नाही. "अजून जामच हाये. मी कवाचा सांगून राहिलो!" ते चिडले. मिस्त्रीनं पुन्हा खोलला, पुन्हा तेल सोडलं. तिसऱ्यांदा मात्र तो न खोलता माझ्याकडे पाहत राहिला. "तू दाबून पाह्य बरं," म्हणून वडिलांनी रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिला. बोट टेकताच घोडा लोण्यासारखा सरकू लागला. मी बोट तिथंच थांबवलं आणि म्हणालो, "हो बाबा, जामच हाये." ते माझ्याकडे न पाहता तेलकट बोटं धोतराला पुसत राहिले, बराच वेळ. आज तसल्याच तेलाच्या बाटलीचं झाकण माझ्यानं फिरेना. सुनेनं हातात घेऊन पाहिलं आणि बाटली खाली ठेवत म्हणाली, "झाकणच जाम हाये, बाबा." मी मान हलवली. पण तिच्या हातात झाकण सैल झाल्याशिवाय तो वास आला कुठून?